चार्टमधली रिकामी जागा

सकाळी पावणेनऊला गेटमधून आत शिरले आणि वरून टेकू पडल्याचा आवाज आला. साइटवर दिवसभर काही ना काही आपटतच असतं, पण लोखंडी टेकू पडला की आधी ठण्ण होतं आणि मग तो घरंगळत जातो, तो आवाज कानाला लगेच कळतो. बी विंगचा पाचवा स्लॅब ६ तारखेला भरला होता आणि त्या दिवशी १५ तारीख होती. नवव्या दिवशी त्या सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीट खालून धरून ठेवणाऱ्या प्लेटांना आणि टेकूंना, कोणी हातसुद्धा लावायचं काम नव्हतं.

लिफ्ट अजून बसलेली नाही, चार जिने चढून गेले तर हॉलमधले वीसेक टेकू काढून भिंतीकडेला रचलेले. एक पोरगा पुढच्या टेकूची पिन हातोडीनं ठोकत होता आणि त्याच्या शेजारच्याच टेकूला त्याची डब्याची पिशवी लटकवलेली, प्रत्येक ठोक्याला ती पिशवी हलत होती. मी ओरडले, थांबा म्हणून. सेंटरिंगचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते आतल्या खोलीतून आले.

"मामा, खोलायला कोणी सांगितलं?"

"मॅडम, चार्टवरच आहे की. आजची तारीख बघा तुम्ही."

खाली ऑफिसात येऊन बघितलं, खरंच होतं. भिंतीवरच्या कागदावर 'स्लॅब ५ खोलणे'ची निळी पट्टी १५ तारखेवर. मी केलेल्या शेड्यूलमध्ये ती २० वर होती.

मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे, बार चार्ट हे माझं रोजचं काम. बाहेरच्यांना वाटतं कामांची नावं लिहायची आणि पट्ट्या रंगवायच्या. पण खरं शेड्यूल पट्ट्यांत नसतंच, ते पट्ट्या जोडणाऱ्या बाणांत असतं. कुठलं काम कशानंतर, आणि किती दिवस थांबून. या पट्ट्यांच्या चार्टला ज्याचं नाव आहे त्या हेन्री गँटच्या शंभर वर्षांपूर्वीच्या चार्टमध्ये हे बाण नव्हतेच, कामं एकमेकांना बांधायची क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी आली. मी एमएस प्रोजेक्ट या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्लॅब भरणे' आणि 'खोलणे' यांच्यामध्ये १४ दिवसांचा लॅग, म्हणजे थांबायचा काळ, टाकलेला असतो. तो आकडा मनानं टाकलेला नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये आहे, साडेचार मीटरपेक्षा जास्त स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू १४ दिवस, सहा मीटरच्या वरच्या बीमचे २१ दिवस. तेही साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, नीट झालं तर. आमच्या आरएमसीत, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये, फ्लाय अॅश असते, ती कोळशाची राख ताकद सावकाश धरते.

हेड ऑफिसला एमएस प्रोजेक्ट नको असतं, त्यांना एक्सेल पाहिजे, ए३ वर रंगीत, म्हणजे कोणालाही वाचता येतं. एक्सेलमध्ये बाण जात नाहीत. तिथे माझे १४ दिवस म्हणजे १४ पांढरे चौकोन, बस. अक्षय तृतीयेला सॅम्पल फ्लॅट दाखवायचा म्हणून कोणीतरी दिवस शोधत होतं, त्याला ते पांढरे चौकोन रिकामे दिसले आणि निळी पट्टी पाच घरं डावीकडे सरकली. पुढची प्रत्येक पट्टीही हातानं सरकवलेली, अगदी व्यवस्थित. त्या माणसाला काँक्रीट कळत नाही हा त्याचा गुन्हा नाही, पण न विचारता सरकवलं हा आहे.

आणि सुपरवायझर. खोलायच्या आधी इंजिनिअरची लेखी परवानगी लागते असा आमचा नियम आहे, फॉर्म आहे, फाइल आहे. त्यानं सांगितलं, चार्टवर तारीख आलीय म्हणजे परवानगीच ना मॅडम. रंगीत कागद भिंतीवर लागला की लोक त्याला हुकूम समजतात, हे मला तेव्हा कळलं.

मामांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्याकडे प्लेटांचे दोनच सेट, खालचा सुटला तर वरचा स्लॅब लागणार, आणि त्यांना पैसे स्क्वेअर फुटावर मिळतात. प्लेट लवकर हवी असेल तर रस्ता आहे, स्लॅबची प्लेट ३ दिवसांनी काढता येते पण टेकू लगेच परत लावायचे. हे शेड्यूलमध्ये बसवता आलं असतं. मला कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळपर्यंत मामांच्या पोरांनी सगळे टेकू परत उभे केले, न कुरकुरता. आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीचं स्ट्रक्चर बघणारे, आले, डंपी ही पातळी मोजायची दुर्बीण लावून लेव्हल घेतली, हॉलच्या मध्यावर खालून तड्याची केसाएवढी एक रेघ दिसली तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाकली. पुढे २८ दिवसांच्या क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, पास झाल्या, रेघ खुणेच्या पुढे गेली नाही. तरी मी त्या खोलीत गेले की आधी वर बघते. बाण न दिसणारा कागद मीच तर पाठवत होते, दर सोमवारी, दोन वर्षं.

आता चार्टमध्ये थांबण्याची स्वतंत्र ओळ आहे, 'टेकू उभे, हात लावू नये', आणि तिची लाल पट्टी, बीमची वेगळी. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले ही अॅक्टिव्हिटी कशी, हिला ना मजूर ना मटेरियल. मी म्हटलं सर, या दिवसांत काँक्रीट काम करत असतं, ओळ राहू द्या. राहिली. मामा सकाळी चार्टसमोर उभे राहून आधी लाल पट्टी कुठपर्यंत आलीय ते बोटानं मोजतात.

त्या दिवशी टेकू परत लावायला आठ माणसांचा अख्खा दिवस गेला. त्याचं बिल मी स्वतः लिहून सही करून वर पाठवलंय, एक्स्ट्रा काम म्हणून. हेड ऑफिसनं दोनदा परत पाठवलं, शेड्यूलमध्ये असं काम दिसत नाही म्हणून. तिसऱ्यांदा पाठवलंय.