ओतीव पटर

शनिवार, रात्र

ऑफिसातला सांगलीचा मुलगा सध्या गोल्फच्या नादाला लागलाय. मला दादा म्हणतो. इथे अ‍ॅरिझोनात चँडलरला आल्यावर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, त्याला पहिल्यांदा मीच नेलं होतं, त्यामुळे सामान घ्यायचं म्हटलं की विचारणाही माझ्याकडेच. बाकीच्या काठ्या त्याने कुणाकुणाच्या वापरलेल्या जमवल्या, पण पटर, म्हणजे चेंडू हळूच लोटून होलमध्ये घालायची काठी, नवा कोरा घ्यायचा असं त्याच्या मनात होतं. आज दुपारी दोघं दुकानात गेलो.

दुकानातल्या हिरव्या गालिच्यावर त्याने दोन पटर शेजारी शेजारी टेकवून ठेवले. एक स्कॉटी कॅमरनचा न्यूपोर्ट 2, किंमत साडेचारशे डॉलरच्या वर. दुसरा क्लीव्हलंडचा हंटिंग्टन बीच मालिकेतला, साधारण त्याच्या चौथ्या हिश्शात मिळणारा. वरून पाहिलं तर आकार जवळपास तोच. मला म्हणाला, "दादा, खरं सांगा, तुम्ही खेळाल का यानं? चारचौघांत बॅगेतून काढाल?"

मी काढीन म्हणालो. तेवढ्यात विक्रेता आला. स्वस्त पटरकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, तो काय, नुसता ओतलेला आहे. हा बघा, अख्ख्या ठोकळ्यातून कोरून, म्हणजे मिल करून काढलेला. त्या 'नुसता ओतलेला'चा सूर मला लागला. अजून लागतोय, म्हणून झोपायच्या आधी लिहायला बसलो.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला भाजलेल्या वाळूचा वास असायचा आणि हातावर कुठे ना कुठे ठिणगीचा डाग. आत हवेची पोकळी, म्हणजे ब्लोहोल, राहिलेलं एक कास्टिंग परत आलं तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. रस किती तापला, साचा किती सुकला, धातू गार होताना किती आक्रसेल, हे सगळं डोक्यात असल्याशिवाय ओतकाम होत नाही. सोपं म्हणून कुणी ओतत नाही.

पटरचं ओतकाम तर आणखी नाजूक. वाळूऐवजी मेणाचा नमुना करतात, तो पातळ सिरॅमिकमध्ये पुन्हा पुन्हा बुडवून त्यावर कवच चढवतात, कवच तापवून मेण काढून टाकतात आणि राहिलेल्या पोकळीत पोलादाचा रस ओततात. कवच फोडलं की आत पटरचं डोकं, मानेसकट. मग रस आत जायच्या वाटेत गोठलेला रनर तोडायचा, घासायचं, आणि चेंडूला लागणारी बाजू, म्हणजे फेस, मशीनवर घ्यायचा. दुकानातला तो स्वस्त पटर मी उलटा करून डोळ्यांजवळ धरला. पाठीमागच्या खोलगट भागाच्या कोपऱ्यांतून अंगठा फिरवला. कोपरे किंचित गोलसर होते, ओतीव वस्तूचे असतात तसे. फेसवर मात्र मिलिंगची बारीक नक्षी होती, नखाला लागणारी. म्हणजे जिथे चेंडू लागतो ती जागा याचीही कापूनच काढलेली. मिल केलेल्या पटरमध्ये 303 स्टेनलेसचा ठोकळा सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, चढवून सगळं डोकंच कोरून काढतात. निम्म्याहून जास्त पोलाद चिप्स होऊन खाली पडतं आणि मशीनचा वेळ जातो. पैसे त्याचे आहेत. कडा धारदार येतात, दिसायला देखणा होतो. तो देखणेपणा मी नाकारत नाही. हातात घेतला की सोडवत नाही, हेही खरं.

पण होलमध्ये चेंडू कोण घालतो?

यावर त्या मुलाशी गाडीत बरंच बोललो. त्याला गणिताने पटतं, म्हणून गणितच सांगितलं. होलचा व्यास सव्वाचार इंच. सपाट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, दहा फुटांचा सरळ पट, म्हणजे पटरचा फटका, आहे असं धर. पटरचा फेस एक अंशाने वाकडा असताना चेंडू सुटला, तर होलपर्यंत जाईस्तोवर तो मधल्या रेषेपासून दोन इंचांहून किंचित जास्त सरकतो. म्हणजे एका अंशात तू होलच्या काठावर. आणि पटिंगमध्ये चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे जवळजवळ सगळं फेसच्या कोनावरच ठरतं. तो एक अंश ओतीव धातूमुळे येत नाही आणि मिल केलेल्या धातूमुळे जातही नाही. तो येतो मनगटातून, उभं राहण्यातून, आणि पटर अंगाला न बसण्यातून.

ड्रायव्हरचं, म्हणजे लांब मारायच्या काठीचं, वेगळं. तिथे वेगाचा मामला आहे, जुन्या आणि नव्या डोक्यात काही यार्डांचा फरक पडतो आणि त्यासाठी कुणी पैसे मोजले तर मी समजू शकतो. पटरला वेग लागतच नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा पटर आजही तेवढंच काम करतो.

वडिलांचं एक मिटुटोयोचं व्हर्नियर होतं, पगाराच्या मानाने भलतंच महाग. ते का घेतलं हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही: ते शंभरातला भाग खरा दाखवायचं. महाग पटर तसं काही जास्तीचं दाखवतो का, एवढंच मी बघतो.


रविवार

सकाळी फीनिक्सच्या पापागो मैदानावर. थंडी चांगली होती, पहिल्या टीवर सगळ्यांचे हात खिशात. ऑक्टोबरमध्ये पेरलेलं राय गवत आता दाट झालंय, ग्रीन हिरवेगार पण तेवढे वेगवान नाहीत. मुलाने भाड्याचा पटर घेतला होता.

आमच्या चौघांतला एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ, मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेला, पिंगचा जुना अ‍ॅन्सर वापरतो. कांस्याचा, तपकिरी पडलेला, सोलवर, म्हणजे तळावर, फीनिक्सचा पिनकोड 85029 कोरलेला. कालची हकीकत सांगितल्यावर त्याने तो पुसून मुलाच्या हातात दिला आणि म्हणाला, हाही ओतीवच आहे.

मला हे माहीत होतं, पण अशा वेळी हातात वस्तू असली की बोलणं सोपं जातं. कार्स्टन सोलहाइम मूळचा नॉर्वेचा, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. 1959 मध्ये कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीच्या घरातल्या गॅरेजमध्ये त्याने पहिला पटर बनवला. चेंडू लागला की 'पिंग' आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. नोकरीनिमित्त कुटुंब इकडे फीनिक्सला आलं आणि 1966 मध्ये त्याने अ‍ॅन्सरचा आराखडा ग्रामोफोनच्या 78 आरपीएम तबकडीच्या पाकिटावर काढला. नाव सुचवलं बायकोने, लुईजने. वजन टाचेला आणि टोकाला वाटून टाकायचं, म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं फारसं वळत नाही, ही त्यातली खरी करामत. 1967 मध्ये जूलियस बोरॉसने या पटरने इथेच फीनिक्स ओपन जिंकली. 1969 मध्ये जॉर्ज आर्चरने मास्टर्स, गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली, म्हणजे मेजरमधली, एक. पुढे पेटंटची मुदत संपली आणि साऱ्या जगाने तो आकार उचलला. काल दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन्ही पटर या एकाच आराखड्याची नातवंडं. त्यातलं महागडं नातवंड टायगर वूड्सच्या हातात गेलं आणि त्याने आपल्या 15 मेजरपैकी 14 त्याच न्यूपोर्ट 2 ने जिंकल्या. त्याच्यासाठी राखीव म्हणून बनवलेला एक पटर 2021 मध्ये लिलावात 3,93,300 डॉलरला गेला. एवढी पुण्याई पाठीशी असलेल्या नावाला किंमत येणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ती पुण्याई टायगरची आहे हे लक्षात असावं.

उलट अमेरिकन गोल्फर बेन क्रेनशॉ बघा. तो शाळकरी असताना वडिलांनी ऑस्टिनला गोल्फचे प्रशिक्षक हार्वी पेनिक यांच्या दुकानातून विल्सन 8802 घेऊन दिला, 20 डॉलरला. त्या पटरचं नाव पडलं 'लिटल बेन'. त्याच काठीने त्याने 1984 ची मास्टर्स जिंकली. विल्सन तेव्हाही मोठंच नाव होतं, आणि तो त्यांचा साधा, दुकानात टांगलेला माल होता. 'मोठ्या कंपनीचा स्वस्त पटर चांगले खेळाडू खेळतील का' असं विचारणाऱ्याला माझं पहिलं उत्तर हेच असतं.

आमचा चौथा गडी, बे एरियातून नुकताच इकडे आलेला एक मराठी गृहस्थ, याच्याशी सहमत नव्हता. त्याचं म्हणणं: तीन फुटांवर उभं राहिल्यावर हातातल्या वस्तूबद्दल शंका नको. मी स्वस्तातला घेतला तर चुकलेल्या प्रत्येक पटला वाटेल की पटरमुळे गेला. महागातला असला की निदान ती पळवाट बंद. शिवाय घ्यायचं तर एकदाच, चांगलं घ्यावं. आणि कॅमरन विकायला काढला तरी बरे पैसे येतात.

तिन्ही मुद्दे मी मान्य करतो, पहिला सगळ्यात जास्त. पटिंगमध्ये मन शांत असणं ही खरीखुरी गोष्ट आहे. साडेचारशे डॉलर देऊन कुणाचे हात थरथरायचे थांबत असतील तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण मनाची ती शांती पटरवरच्या आकड्यातून येते की सरावातून, हे ज्याचं त्याने तपासावं. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी फटक्या-फटक्याचा हिशेब मांडून दाखवलंय की व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून निम्मे पट घालतात, आणि नव्वदच्या आसपास खेळणारा हौशी माणूस पाच फुटांवरून निम्मे. मधले तीन फूट कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

आणखी एक. त्यांच्याच हिशेबात चांगल्या आणि साधारण खेळाडूतला जो फरक आहे, त्यात पटिंगचा वाटा साधारण 15 टक्के. बाकीचा फरक लांबच्या फटक्यांत आणि ग्रीनवर येण्यात. म्हणजे आमच्या सांगलीकराने वाचलेले तीनशे डॉलर शिकवणीला घातले तर त्याचे गुण नक्की जास्त सुधारतील. हे मी मोठ्याने बोललो. तो काही बोलला नाही, पण नवव्या होलपासून पुढे त्या कांस्याच्या अ‍ॅन्सरनेच पट करत होता. मालकाची हरकत नव्हती.

मोठ्या नावाचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. ऑनलाइन तीस डॉलरला बिननावाचे पटरही मिळतात, तसा घे असं मी त्याला कधीच सांगणार नाही. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, तीन अंश लिहिलाय तर तो तीनच असावा, लाय, म्हणजे दांडा जमिनीशी करतो तो कोन, सत्तर तर सत्तर, मान सरळ बसलेली असावी. ओतकामात हे सांभाळायला तपासणी लागते, आणि तपासणीत नापास झालेला माल फेकून द्यायची ऐपत आणि नियत लागते. क्लीव्हलंड किंवा विल्सनसारखं नाव खालच्या किमतीच्या मालावरही तेच असतं. तो वाईट निघाला तर नाव त्यांचंच जातं. मला त्या नावाचा उपयोग एवढाच, आणि तेवढा पुरे.


गुरुवार

त्याचा निर्णय झाला, स्वस्तातला. पण आज तो एकटाच दुकानात जाऊन हात हलवत आला, आणि यावेळी मला खरंच वाईट वाटलं.

तो उंचीने बेताचा. मापाप्रमाणे त्याला 33 इंच हवा. त्या मालिकेत दुकानात होते ते 34 आणि 35. महागड्या शेल्फावर तिन्ही लांबीचे टांगलेले. डावखुऱ्यांची तर आणखी पंचाईत: आमच्या ग्रुपमधल्या एका डावखुऱ्या बाईंना स्वस्त मालिकांमध्ये दोन-तीन आकारांपलीकडे काही मिळत नाही. कंपन्यांवर माझा राग असेल तर तो इथे आहे. धातूत, फिनिशमध्ये, डोक्यावरच्या टोपीत पैसे वाचवा, खुशाल वाचवा. पण माप ही चैनीची गोष्ट नाही. लांबी आणि लाय अंगाला बसली नाही तर डोळा चेंडूच्या रेषेबाहेर जातो, टोक हवेत उचललं जातं, आणि मग तो एक अंश कुठून आला ते शोधत बसा. कमी पैसे देणाऱ्या माणसालाच माप सगळ्यात जास्त लागतं, कारण तो बहुधा नवशिका असतो.

दुकानदाराने शाफ्ट, म्हणजे दांडा, कापून देतो म्हणून सांगितलंय. कापता येतो, पण इंचभर गेला की डोकं हाताला हलकं लागतं. महागड्यांमध्ये सोलला जड वजनाचे स्क्रू लावून ते भरून काढता येतं, याच्यात ती सोय नाही. मी सुचवलं की 34 चा घे, अर्धाच इंच काप, फेसला हात न लावता सोलला थोडी लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, लाव. पाच-सात डॉलरचं काम आहे आणि नियमांत बसतं, फक्त फेरी सुरू झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. लाय मात्र जाणकाराकडून वाकवून घ्यायला हवा. त्या निवृत्त गृहस्थांच्या ओळखीचा एक कारागीर टेंपीला आहे, वीस-पंचवीस डॉलर घेतो.

सगळं मिळून दीडशेच्या आसपास जाईल. ग्रिप आहे तीच ठेवायची की जाड बसवायची यावर अजून वाद आहे. त्याला जाड हवी, मला वाटतं आधी महिनाभर आहे त्यावर खेळावं. शनिवारी सकाळी टेंपीला जायचं ठरलंय, कारागिराने जुने बूट आणायला सांगितलंय म्हणे, ज्यात खेळतोस त्याच बुटांत उभा राहा. माप घेणाऱ्याने हे विचारलं, तेव्हाच मला माणूस बरा वाटला.