भर थंडीत धुळ्याहून तोरणमाळ

खान्देश म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. मे महिन्यातलं भुसावळ, पंचेचाळिशीच्या वर गेलेला पारा, दुपारी ओस पडलेले रस्ते. ते सगळं खरं आहे. पण याच धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना पटत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ रात्रभर निरभ्र. दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब सोडून देते. त्यात उत्तरेचं वारं सुटलं की मग विचारूच नका. मला मोटारसायकल काढायला वर्षातले हेच दोन-अडीच महिने आवडतात, आणि त्यातही पहाट.

मी आणि मावसभाऊ, दोघांच्या दोन गाड्या. मार्गशीर्ष निम्मा झालेला, दत्तजयंतीचे दिवस. धुळे, सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा आणि वर सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ, असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता ठरवला होता.

त्याची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट होतं, म्हणून तो सेल्फच्या नादी लागतच नाही. चोक ओढतो आणि किक मारतो. निघाल्यावरही पहिले चार-पाच किलोमीटर आम्ही गाडी ताणत नाही. ऑइल सगळीकडे पोचायला हवं, टायरही जरा गरम व्हायला हवेत. गार टायर रस्ता नीट धरत नाही. हवा आदल्या संध्याकाळीच तपासली होती, कारण पाच-सहा अंश तापमान उतरलं तरी टायरमध्ये साधारण एक पीएसआय हवा कमी दाखवते.

कपड्यांचं मात्र सविस्तर सांगतो. खरा त्रास वारा देतो. हवा आठ अंश असेल आणि तुम्ही साठच्या वेगाने जात असाल, तर उघड्या कातडीला ती दोन अंशांइतकी गार लागते. नुसता जाड स्वेटर इथे उपयोगाचा नाही, वारा त्यातून आरपार जातो. आत सुती बनियन, त्यावर लोकर, सगळ्यांत वर वारा अडवणारं काहीतरी, रेनकोटसुद्धा चालतो. आणि छातीवर वर्तमानपत्राची घडी. आमच्याकडचे दूधवाले पहाटे कॅन लावून निघतात ते अशीच घडी घालून, आणि मला तरी याहून स्वस्त आणि चांगला उपाय माहीत नाही. हातमोज्यांवर पैसे वाचवू नयेत. बोटं बधिर झाली की क्लच-ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होतो, आणि पहाटेच्या रस्त्यावर तो क्षण महाग पडतो.

सोनगीरला हायवे सोडला. किल्ल्याची टेकडी अजून काळीच होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे गाव झोपेत होतं. इथून पुढे थंडी सगळीकडे सारखी राहिली नाही. गावात शिरलो की हवा मऊ व्हायची, भिंतींनी धरून ठेवलेली ऊब गालाला लागायची. गाव सुटून नाला आला की खाली साठलेला गारवा गुडघ्यांना झोंबायचा. कपाशीच्या उघड्या रानात एक थंडी, पाणी भरलेल्या गव्हाजवळ दुसरी. चारचाकीच्या काचा वर करून हाच रस्ता मी कितीदा गेलो असेन, पण जमीन कुठे उतरते, पाणी कुठे आहे, वस्ती कुठे सुरू होते, हे असं अंगाला कधी कळलं नव्हतं. दोंडाईच्याजवळ तर अंधारातच मिरचीचा खकाणा नाकात गेला. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या दिसल्या त्यानंतर.

सारंगखेड्याला तापीच्या पुलावर धुकं असं दाट, की पुढच्या गाडीचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. हेल्मेटची काच धुरकटू लागली. अशा वेळी ती बोटभर उघडी ठेवायची आणि श्वास खाली सोडायचा. पलीकडे घोड्यांचा बाजार भरलेला. एकमुखी दत्ताच्या यात्रेचा हा बाजार जुना, मारवाडी आणि काठेवाडी घोडे लांबलांबून येतात. अंगावर गोधड्या टाकलेले घोडे नाकातून वाफा सोडत उभे होते. चहाच्या टपरीपाशी शेकोटी पेटलेली. टपरीवाल्या काकांनी आमच्याकडे पाहिलं.

"भाऊ, इतली थंडीमा कथा चालनात?"

"तोरणमाळ, काका."

"मंग आठे शेकी ल्या आधी."

त्यांनी स्वतःची जागा आम्हाला दिली. दोन चहा झाले तेव्हा कुठे बोटं मोकळी झाली.

शहाद्याकडे ऊस, पपई, केळी. एका बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर केला होता. केळीला आणि पपईला ही थंडी सोसत नाही, वाढ थांबते. म्हणून शेतकरी रात्रभर जागून धूर करतात आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी देतात, कारण जमिनीतलं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं. त्या शेतकरी दादांना विचारून आम्ही पाइपाखाली हात धरले. पाण्यावरून वाफ निघत होती. दादांच्या डोळ्यांत रात्रीचं जागरण दिसत होतं. आम्ही हौसेनं बाहेर पडलेले, त्यांचं मात्र त्या थंडीत अख्ख्या वर्षाचं पीक उभं. त्या बांधावर मला हे फार जाणवलं.

राणीपूर मागे टाकून सातपुड्याच्या चढाला लागलो. वर जाऊ तसं गार होत जाणार, असं कोणालाही वाटेल. पण निरभ्र, शांत रात्रीनंतर जड गार हवा खाली दरीत उतरून बसते, त्यामुळे सातपायरीच्या घाटात काही वळणांनंतर हवा चक्क उबदार लागली. मावसभावाने गाडी थांबवून मफलर सोडला. सावलीतली वळणं मात्र दवाने ओली होती, तिथे पुढचा ब्रेक हलक्या हातानेच.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. वर यशवंत तलावाच्या काठावर ऊन होतं, तरी वारा असा की जॅकेट काढवेना. सीताखाईच्या कड्यावर दोघंही बराच वेळ बसलो. खाली सातपुड्याच्या रांगा निळ्या होत होत दिसेनाशा होत होत्या.

दुपारी उतरताना शहाद्याच्या अलीकडे ओळखीच्या शेतात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. थंडीतल्या वांग्याला जी चव असते ती उन्हाळ्यात शोधून सापडत नाही. आग्रह रात्री मुक्कामाचा होता, पण आम्ही वेळेत निघालो. हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळांना मागे दिवाच नसतो. संधिप्रकाशात त्या दिसत नाहीत, आणि गारठलेला हात ब्रेकपर्यंत उशिरा पोचतो. दुचाकीवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहाटे खुशाल निघा, पण संध्याकाळी अंधाराच्या आत घरी या. आम्ही दिवेलागणीला धुळ्यात होतो.

पौषात रावेरकडून पालला जायचं ठरतं आहे. तिकडच्या केळीच्या बागांमधली पहाट अजून अंगावर घ्यायची राहिली आहे.