तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ पूर्ण काढली, मग कर्करोग हाडात कसा गेला?

पुण्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे पेशीजीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर महिला मंडळांत, ज्येष्ठ नागरिक संघांत त्याच विषयावर बोलत असते. व्याख्यान कोथरूडला असो की हडपसरला, ते संपल्यावर कोणीतरी मला बाजूला घेऊन साधारण एकच प्रश्न विचारते: "मॅडम, बहिणीच्या स्तनातील गाठ पूर्ण काढली होती, कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्टही होता, मग इतक्या वर्षांनी मणक्यात कर्करोग कसा निघाला? डॉक्टरांकडून काही राहून गेले का, की सुई घालून तपासणी केली म्हणून तो पसरला?"

यातील दुसऱ्या भागाचे उत्तर लहान आहे. सुईच्या तपासणीमुळे कर्करोग शरीरभर पसरतो या समजुतीला आधार नाही, उलट त्या भीतीने तपासणी लांबवणाऱ्या स्त्रियांचे नुकसान होते. पहिला भाग मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण शस्त्रक्रिया अगदी चोख झालेली असतानाही असे होऊ शकते. गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी तिच्यातील काही पेशी रक्तात उतरून दूरच्या अवयवांत पोहोचलेल्या असू शकतात. तेथे गेलेल्या बहुतेक पेशी मरतात, काही निपचित पडून राहतात आणि फारच थोड्या वाढतात. कोणती पेशी मरेल आणि कोणती वाढेल हे तिच्या एकटीच्या गुणांवर ठरत नाही. ती ज्या पेशींच्या शेजारी जाऊन बसते त्यांच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीवरही ठरते.

हा विचार नवा नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त सर्वत्र जाते, तरी यकृत आणि काही ठरावीक हाडे यांतच कर्करोग वारंवार सापडतो आणि प्लीहेत क्वचितच, हे त्यांच्या लक्षात आले. बी कोठेही पडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कित्येक दशके या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले, कारण रक्तप्रवाह जिकडे नेईल तिकडे पेशी अडकतात हे स्पष्टीकरण सोपे होते, आणि सोप्या स्पष्टीकरणांचे आयुष्य मोठे असते.

जमीन मानवते म्हणजे नेमके काय होते, हे अलीकडच्या संशोधनातून उलगडू लागले. अस्थिमज्जेतील पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचे एक रसायन स्रवतात. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी, म्हणजे आपण ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्या, या रसायनाच्या ओढीने मज्जेत टिकून राहतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही त्याच रसायनाचा ग्राहक, म्हणजे ते रसायन ओळखून पकडणारा रेणू (रिसेप्टर), असतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे शरीराने आपल्या मूलपेशींसाठी राखलेल्या जागेचा पत्ता या पेशींनाही वाचता येतो. तेथे पोहोचल्यावर त्या मज्जेतील आधारपेशींना चिकटतात, दोन पेशींना थेट जोडणाऱ्या गॅप जंक्शन नावाच्या अतिसूक्ष्म मार्गांतून आणि एक्झोसोम नावाच्या इवल्याशा पुटिकांतून रेणूंची देवघेव होते, आणि त्यातील काही संदेशांमुळे कर्करोगाची पेशी विभाजन थांबवून सुप्तावस्थेत जाते. केमोथेरपीचा मुख्य मारा विभाजन होणाऱ्या पेशींवर असतो. जी पेशी विभाजनच करत नाही ती त्यातून वाचण्याची शक्यता मोठी असते. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मधली शांत वर्षे बहुधा अशी गेली असावीत.

ही पेशी पुन्हा जागी कशाने होते, याचे पूर्ण चित्र अजून हाती नाही. पण वाढू लागल्यावर ती हाडाशी काय करते हे चांगले ठाऊक आहे. ती एक संप्रेरकासारखे प्रथिन स्रवते, त्यामुळे हाड बांधणाऱ्या पेशी रँकलिगंड नावाचा संदेश वाढवतात, त्या संदेशाने हाड विरघळवणाऱ्या पेशी चेकाळतात, आणि विरघळलेल्या हाडात साठलेली वाढकारक द्रव्ये मोकळी होऊन परत कर्करोगाच्याच पेशींना मिळतात. हाडात कर्करोग पसरलेल्या रुग्णांना झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने देतात ती हे चक्र अडवण्यासाठी. डेनोसुमॅब तर रँकलिगंडलाच धरून ठेवते.

आता मूलपेशींविषयी. येथे दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात आणि श्रोत्यांचा गोंधळ होतो. पहिली गोष्ट कर्करोगाच्या आतली. २००३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी स्तनाच्या गाठींतील पेशी पृष्ठभागावरील खुणांनुसार वेगळ्या केल्या. एका विशिष्ट गटातील जेमतेम १०० पेशी उंदरात नवी गाठ निर्माण करू शकल्या, तर इतर गटांतील हजारो पेशी टोचूनही गाठ झाली नाही. स्वतःसारख्या पेशी निर्माण करण्याची आणि इतर प्रकारच्या पेशींनाही जन्म देण्याची क्षमता असल्यामुळे त्यांना कर्करोगाच्या मूलपेशी म्हटले गेले. त्यानंतर काही काळ असा सूर लागला की एवढ्या मूठभर पेशी मारल्या की काम झाले. मला तो उत्साह तेव्हाही घाईचा वाटला होता. २००८ साली दिसून आले की सामान्य स्तनपेशींना योग्य संदेश दिले तर त्या शेजाऱ्यांची पकड सोडून भटक्या होतात आणि त्याच वेळी त्यांच्यात मूलपेशींचे गुण उतरतात. मूलपेशीपण ही जन्माने मिळालेली जात नसून शेजारच्या संदेशांनी आणलेली, येणारी-जाणारी अवस्था असेल, तर आज मारलेल्यांच्या जागी उद्या दुसऱ्या पेशी उभ्या राहू शकतात.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या स्वतःच्या, निरोगी मूलपेशींची. अस्थिमज्जेत हाड, कूर्चा आणि चरबी तयार करू शकणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशी असतात. जखमेकडे धावून जाणे हे त्यांचे काम, आणि वाढती गाठ त्यांना जखमेसारखीच भासते. २००७ साली असे आढळले की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी या मूलपेशींमध्ये मिसळून उंदरांत टोचल्या तर कर्करोग फुप्फुसांत जास्त पसरतो. गाठीच्या सहवासात मूलपेशी सीसीएल-५ नावाचे रसायन स्रवू लागतात आणि त्याने कर्करोगाच्या पेशींची भटकण्याची ताकद वाढते. या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र पुढचा आहे, आणि तो सांगताना माझा आवाज नेहमी थोडा चढतो: पसरलेल्या पेशी परत काढून मूलपेशींशिवाय तपासल्या, तेव्हा त्यांची ती वाढलेली ताकद राहिलेली नव्हती. ती त्यांच्यात कायमची कोरली गेली नव्हती, सहवासापुरती होती. मज्जेत सुप्तावस्थेला हातभार लावणाऱ्या पेशीही याच कुळातील असल्याने, मूलपेशी चांगल्या की वाईट हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो.

म्हणूनच कोणी "कर्करोगावर स्टेम सेलचे इंजेक्शन घेऊ का?" असे विचारले की मी स्पष्ट नाही म्हणते. रक्ताच्या काही विकारांतील मज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचण्यांतच करता येतो.

आपल्याकडच्या एका चाचणीचा उल्लेख येथे करायलाच हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील अनेक केंद्रांत १६०० स्त्रियांवर ती केली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडे मिळते तसले बधिरतेचे औषध, टोचले होते. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलेले दिसले. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींना मिळणारे संकेत या औषधाने अडतात आणि म्हणून त्यांची हालचाल रोखली जाते, अशी त्यामागची कल्पना आहे.

मग हे संदेश कायमचे बंद करणारे औषध का नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. अडचण अशी की मूलपेशींचे गुण टिकवणारे बरेचसे संदेश निरोगी शरीरालाही लागतात. त्यांतील एक मार्ग रोखणाऱ्या प्रायोगिक औषधांनी आतड्याचे अस्तरच बिघडवले आणि रुग्णांना जुलाब लागले. तरीही संदेश तोडणारी औषधे मुळीच नाहीत असे नव्हे. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगात दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाही आणि लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणेच कमी करते. अशा कर्करोगात उलटण्याचा धोका वीस वर्षांपर्यंत रेंगाळतो, म्हणून या गोळ्या पाच आणि कधीकधी दहा वर्षे घ्यायला सांगतात. सांधे दुखतात, अंगातून गरम वाफा निघतात, आणि आता तर सगळे ठीक आहे, म्हणून अनेकजणी त्या परस्पर बंद करतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते.