चेंबरलेनचा कॅथेटर

शनिवारच्या बैठकीत मी रेसिडेंट मुलांना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, एखादी जुनी केस सांगतो. काल जोशुआ चेंबरलेन घेतला. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजातला हा भाषेचा प्राध्यापक अमेरिकन यादवी युद्धात कर्नल झाला. 2 जुलै 1863 रोजी गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉपवर काडतुसं संपत आली, तेव्हा त्याची 20वी मेन रेजिमेंट संगिनी लावून उतारावरून शत्रूवर धावून गेली. त्यासाठी 1893 मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. इथवर मुलं रंगून ऐकत होती.

आमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. 18 जून 1864, पीटर्सबर्ग. गोळी उजव्या खुब्यातून आडवी घुसली, मूत्राशय आणि मूत्रमार्ग फाटला. हा वाचत नाही म्हणून उत्तरेच्या फौजांचा सरसेनापती ग्रँटने त्याला ब्रिगेडियर जनरल करून टाकलं. वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली. अँटिबायोटिक नाही, रक्त चढवायची सोय नाही, तरी सर्जननी धातूचा कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढायची नळी, घालून त्याला जगवलं. त्या हातांना मी मनापासून नमस्कार करतो.

पण कॅथेटर फार दिवस तसाच राहिला. लिंग आणि वृषणाच्या पिशवीच्या सांध्यावर फिस्टुला, म्हणजे आरपार भोक, झाला. लघवी तिथून झिरपायची, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा व्हायचं. चार वेळा गव्हर्नर, बारा वर्षं कॉलेजचा अध्यक्ष, हे सगळं त्याने तसंच निभावलं. 24 फेब्रुवारी 1914 रोजी, 85व्या वर्षी, त्याच जखमेच्या दुखण्याने गेला.

बैठक संपवून राउंडला गेलो. पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाड, फ्रॅक्चर झालेला तरुण मुलगा. लघवीची पिशवी काठोकाठ भरलेली, नळी ताणून खाली ओढलेली, बरोबर त्याच सांध्यावर कातडी लाल. पुरुषाचा कॅथेटर वर, पोटावर चिकटवायचा असतो. लिंग वर उचललं की मूत्रमार्गाचं ते वळण सरळ होतं, नाहीतर नळी तिथेच रुतून बसते. रेसिडेंट म्हणाला, "सर, सिस्टरना सांगितलं होतं." त्या पाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. एका पट्टीचं काम, सांगत कसले बसता?

पिशवी रिकामी केली, नळी सैल करून पोटावर पट्टी लावली. मुलगा म्हणाला, "आता ओढत नाहीये."

"कधीपासून ओढत होतं?"

"परवापासून."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"मला वाटलं, असंच असतं."