तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यात लावलेली गाडी गणपतीत काढताना

मी कायमचा गुहागरला राहतो, त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले. आंबा यंदा कधी, आणि दुसरा जुलै संपता संपता येतो: "अरे, मे महिन्यात गाडी गावाला लावून आलोय. गणपतीत काढायची तर बॅटरीचं काय करू?" आंब्याचं उत्तर माझ्या हातात नाही. गाडीचं देतो.

बॅटरी ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. ती उतरली तर गाडी खळ्यातच राहील, फार तर चिडचिड होईल. मला धास्ती वाटते ती पहिल्या फटक्यात सुरू झालेल्या गाडीची. सुरू झाली म्हणजे सगळं ठीक, असं धरून माणूस पोराबाळांना बसवतो आणि हायवेला लागतो. ब्रेक तीन महिने खाऱ्या हवेत भिजत होते, हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून चावी खिशातच असू दे, आधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं की आत बऱ्याचदा काथ्या, गोणपाटाच्या दशा, कुरतडलेली काजूची बी असा उंदरांचा संसार थाटलेला सापडतो. फिल्टर बदलता येतो. नीट बघायचं ते वायरींकडे. कुठे उघडं तांबं दिसलं तर चावी लावूच नका, शॉर्टसर्किट होऊन गाडी पेट घेऊ शकते. पेट्रोलची रबरी नळीही हाताने चाचपा. मग ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, इंजिन फिरवायचं नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी पूड धरलेली असते. वायरी सोडवून ती खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या ब्रशने घासली की निघते. मीटर असेल तर लावून बघा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी लावतानाच निगेटिव्हची वायर काढून ठेवली तर ही वेळ बहुधा येत नाही, पण ते दर मे महिन्यात सांगूनही कोणी करत नाही.

आता ब्रेक. पुढच्या चाकांच्या डिस्कवर, म्हणजे ब्रेक जिला धरतो त्या लोखंडी चकतीवर, लाल गंजाचा पातळ थर दिसेल, त्याला घाबरू नका. तो दोन-चार वेळा ब्रेक मारल्यावर पुसला जातो. खड्डे पडले असतील तर मात्र डिस्क बदलण्याच्या लायकीची. मागच्या चाकांचं दुखणं वेगळं. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर ड्रममधले, म्हणजे चाकाच्या आतल्या गोल डब्यातले, ब्रेकचे लायनर गंजून चिकटतात. पहिला गिअर, मग रिव्हर्स, असं हलक्या हाताने पुढेमागे करा. "टक्" असा आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर एक्सिलरेटर दाबून जबरदस्ती करू नका, मेकॅनिकला ड्रम उघडू दे. पुढच्या वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

ब्रेक ऑइलकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. ते हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा! पाणी मिसळलेलं ऑइल लवकर उकळतं. मुंबई-गोवा हायवेवर लोट्याहून खेडकडे भोस्ते घाट उतरताना ब्रेक सारखे दाबले जातात, तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. शेवटचं कधी बदललं आठवत नसेल तर बदलूनच टाका, आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये या. घरच्या घरी एक तपासणी होते: इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. दाबून धरल्यावर हळूहळू पार तळाला जात असेल तर घराबाहेर पडू नका.

टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी. पहिले काही किलोमीटर चाकं धडधडतील, एकाच जागी दबून सपाट झालेली असतात, बहुधा जातं. विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा, गाडी उभी असली तरी त्यांची मुदत चालूच असते. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतं आणि तेही पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी रिकामी ठेवून जाऊ नये. आता आहे त्यात ताजं भरून घ्या. आणि ती प्लास्टिकची ताडपत्री! गाडीला गच्च गुंडाळली की आतली वाफ आतच राहते, पत्रा गंजतो. त्यापेक्षा चारी बाजूंनी मोकळी, वर पत्रे टाकलेली शेड शंभर पटीने बरी.

सुरू झाल्यावर जागेवर घुरघुरत ठेवून बॅटरी नीट भरत नाही. अर्धा तास तरी चालवा, पण गावातल्याच सपाट रस्त्यावर, एकट्याने, काचा खाली करून. कुठे घासतंय, जळल्याचा वास येतोय का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढतेय का, ते तिथेच कळतं. परतल्यावर चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक अजून धरलेला आहे.

हे सगळं गणपतीच्या आदल्या दिवशी करायला घेऊ नका. तेव्हा मेकॅनिकच्या घरीही गणपती येत असतो, तो फोन उचलत नाही.