पिवळा पट्टा आणि आमच्या फ्रिजमधलं इंजेक्शन

केमोच्या डे-केअरमध्ये टीव्ही असतो तो पेशंटचा वेळ जावा म्हणून. एरवी त्याकडे कोणी बघत नाही. जानेवारी २०१३ मधल्या त्या सकाळी मात्र सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सातही जेतेपदं उत्तेजकं घेऊन मिळवली, असं अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने मुलाखतीत कबूल केलं होतं. जेतेपदं आधीच्या ऑक्टोबरातच काढून घेतली गेली होती, पण त्याच्याच तोंडून ऐकल्यावर शंकेला जागा उरली नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत विशीतला एक मुलगा होता. वृषणाचा कॅन्सर, आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये झाला तोच. आर्मस्ट्राँगच्या संस्थेने २००४ पासून पिवळे रबरी पट्टे कोट्यवधींनी विकले, त्यातलाच एक याच्या मनगटावर. मी त्याच हाताची शीर शोधत होते.

"सिस्टर, मग त्याचा कॅन्सरपण खोटाच होता का?"

"नाही रे, तो खरा होता. फुप्फुसात आणि मेंदूतही पसरला होता."

शेजारच्या बेडवर एक काका होते, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे. हिमोग्लोबिन फार उतरलेलं, म्हणून त्यांच्यासाठी फ्रिजमधून ईपीओचं इंजेक्शन काढून आणलं होतं. बातमीत तेच नाव आलं आणि काकांनी माझ्या हातातल्या खोक्याकडे बोट केलं. "हेच का ते?"

हेच. मूत्रपिंड हा पदार्थ स्वतःच तयार करतं, त्यामुळे अस्थिमज्जेत लाल पेशी बनतात. केमोने रक्त कमी झालं की काही पेशंटना आम्ही तो बाहेरून देतो. सायकलपटू घेतो तो स्नायूंना जास्तीचा ऑक्सिजन मिळावा म्हणून. काका हसले. "चला, म्हणजे आता मीपण डोंगर चढणार!"

इंजेक्शन देऊन झालं तरी ते टीव्हीकडेच बघत होते. मग म्हणाले, "मुलगा रोज याचीच गोष्ट सांगतो. बाबा, तो जिद्दीने बरा झाला, तुम्हीही जरा मनावर घ्या. मी मनावर घेत नाही का, सिस्टर?"

उत्तेजकांपेक्षा मला या वाक्याचा जास्त राग आला. शर्यतीत फसवणूक केली ती बाकीच्या स्पर्धकांची. खरं बोलणाऱ्यांच्या मागे तो वर्षानुवर्षं लागला, ते त्याहून वाईट. पण इथे एक माणूस उलट्या, जुलाब, सुया सगळं मुकाट सोसत होता आणि वर आपलीच जिद्द कमी पडली असं समजत होता. चढावर सायकल मारणाऱ्याला डोक्यावर घ्या, माझी हरकत नाही. चढ त्याने स्वतःच्या पायांनी चढलेला असतो (निदान तसं आपण धरून चालतो). कॅन्सर मात्र त्याने पायांनी हरवला नव्हता.

"काका, त्याच्या गाठी सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाने विरघळणाऱ्या जातीच्या होत्या. तुमच्या तशा नाहीत. यात जिद्दीचा काही संबंध नाही."

कोपऱ्यातला मुलगाही कान देऊन ऐकत होता, म्हणून पुढचंही सांगितलं. १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न या डॉक्टरांनी या कॅन्सरसाठी सिस्प्लाटिन दुसऱ्या औषधांबरोबर वापरून पाहिलं. त्याआधी हा कॅन्सर पसरल्यावर फार थोडे वाचत. आता दहातले साधारण आठ बरे होतात. आर्मस्ट्राँगचे बहुतेक उपचार तिथेच झाले. सिस्प्लाटिनच्या जोडीला देतात त्या ब्लिओमायसिन या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, म्हणून सायकलपटूसाठी पहिल्या फेरीनंतर ते टाळून डॉक्टरांनी दुसरं औषध निवडलं.

"आणि या आइनहॉर्नचा पट्टा?" मुलाने विचारलं.

"मी तरी पाहिला नाही."

काकांचा मुलगा दुपारी त्यांना न्यायला आला, तेव्हा मी त्याला बाहेर बोलावून हेच सगळं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. वडिलांची उमेद मोडता, म्हणाला. पुढच्या वेळी आला तेव्हा जिद्दीचा विषय त्याने काढला नाही, एवढं खरं.

तेव्हापासून कोणी नातेवाईक एखाद्या खेळाडूची किंवा नटाची गोष्ट घेऊन आला की मी आधी विचारते, त्याला कुठला कॅन्सर होता? बहुतेकांना ते माहीत नसतं.