संग्राम मेडलच्या कडेवरचं नाव

पदकांची फ्रेम करून घ्यायला लोक बहुधा तेराव्याच्या घाईत येतात. पुण्यात, विशेषतः कॅम्प आणि खडकीकडे, हे काम बारमाही चालतं.

हे कुटुंब दिघीचं. मुलगा, मुलगी आणि काकू. गेलेले बाबा लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तिघं भरभरून बोलत होते ते बाबांच्या शिवणकामाबद्दल. गल्लीतल्या गाद्यांना टाके घालायचे, नातीच्या दप्तराचे बंद दर जूनला बदलायचे, काकूंच्या पिशव्यांना दुहेरी तळ लावायचे. १९६५ आणि १९७१ बद्दल मात्र घरात कोणालाच धड काही माहीत नव्हतं.

पदकांची पट्टीही त्यांनीच शिवली होती. सात पदकं, क्रम अचूक: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, मग रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि शेवटी नऊ वर्षांच्या सेवेचं. बघणाऱ्याच्या डावीकडे सर्वांत मानाचं. एक रिबन ३२ मिलिमीटरची, म्हणजे शेजारीशेजारी लावल्या तर २२४. छातीवर तेवढी जागा नसते. म्हणून पहिलं पदक पूर्ण दिसेल आणि पुढची थोडी थोडी झाकली जातील अशी रचना करतात. आत जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, बारीक बखिया. बाजारात हल्ली पुठ्ठ्यावर गरम गोंदाने चिकटवून देतात. दोन पावसाळ्यांत गोंद पिवळा पडतो आणि डाग रिबनमधून वर येतो. त्याला फ्रेमिंग म्हणतात, म्हणोत.

मुलाला पदकं लखलखीत हवी होती. ब्रासो लावू नये, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं. ते पॉलिश मुळात घासणारं. दर वर्षी १५ ऑगस्टला लावलं की कडेवरची अक्षरं झिजत जातात. पीव्हीसीच्या पाकिटामुळे येणारा हिरवा चिकट थर लाकडी काडीने आणि कापसाच्या बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काढायचा, रिबनला थेंबही लागू न देता.

तो काढताना भिंगाखाली कडा वाचल्या जातात. पदक ज्याला मिळालं त्याचा नंबर, हुद्दा, नाव. संग्राम मेडलच्या कडेवर दुसऱ्याच सॅपरचा नंबर होता, दुसरंच नाव.

हरवलेल्या पदकाच्या जागी जुन्या बाजारातून घेतलेलं असेल, तर ते कुठल्याही पलटणीचं निघालं असतं. हे बाबांच्याच बॉम्बे सॅपर्सचं. बराकीत अदलाबदल झाली म्हणावं, तर यांचं त्या माणसाकडे असणार. आणि यात शौर्यकथा शोधू नये. संग्राम मेडल १९७१ च्या युद्धाच्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेक सगळ्यांनाच मिळालंय.

मुलगा म्हणाला, "काचेतून कड दिसत नाही, राहू दे." मुलीचं म्हणणं, ज्याचं आहे त्याच्या घरी जायला हवं. बॉम्बे सॅपर्सच्या खडकीतल्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर कळवून विचारता येतं, आणि माझं मत मुलीच्या बाजूने आहे. काकूंनी दोघांना गप्प केलं: "त्यांनी शिवलंय, ते कोणी उसवायचं नाही."

म्हणून अख्खी पट्टी तशीच बसवली. आम्लमुक्त बोर्डाला भोकं पाडून मागून दोऱ्याने बांधली, गोंद कुठेच नाही. मागे प्लाय किंवा एमडीएफ टाळायचं, त्यातून निघणाऱ्या वाफांनी धातू काळवंडतो. काच पदकांना टेकली की आतला दमट थेंब तिथेच अडकतो, म्हणून काच आणि बोर्डाच्या मध्ये २० मिलिमीटरची वेगळी पट्टी घातली. ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका, हे लिहूनच दिलं. तरी हॉलच्या खिडकीसमोर लावतील.

मागचं झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवलं. कारण बांधताना पट्टीची उलटी बाजू नीट पाहिली. सहा रिबिनी एकाच सलग दोऱ्याने शिवलेल्या. चौथी, संग्रामची, वेगळ्या दोऱ्याने, दोन्ही टोकांना स्वतंत्र गाठ. त्या दोन गाठी कापल्या तर ते एकच पदक सुटून हातात येतं, बाकी शिवण हलत नाही. सलग दोरा वापरणं सोपं असताना इतका कुशल माणूस असं उगाच करत नाही. मुलीला ते दाखवलं. तिने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवलाय. काकूंना गाठींबद्दल अजून कोणी सांगितलेलं नाही.